एकोणतिसावा अर्थ

बाईंना भिंगरी हे नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. त्यांना ऑफिसात खुर्ची होती, खिडकीजवळची, हातांची, चांगली. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर त्यांची पर्स बसली, छत्री बसली, एकदा तर शेजारच्या वकिलाचं मांजर बसलं. बाई काही बसल्या नाहीत. लिहायच्या त्या उभ्यानं, कपाटाच्या डोक्यावर वही टेकवून. एक ओळ लिहिली की खोलीला एक फेरी, मग दुसरी ओळ. मी प्रूफं वाचणारा माणूस, मला शांतता लागते. त्यांच्या चपलांच्या आवाजानं माझ्या डोक्यावर दिवसभर कुणीतरी मिऱ्या वाटतंय असं वाटायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, पाय दुखत नाहीत का तुमचे?" तर म्हणाल्या, "बसलं की दुखतात."

आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मोठे साहेब, म्हणजे आमचे संपादक. दुसरीत बाई, मी आणि भिंतभर लाकडी कप्पे. काम एकच. इंग्रजीतून आपल्या बोलण्यात येऊन ठाण मांडून बसलेल्या शब्दांचा कोश करायचा. बाई नोंदी लिहायच्या, मी त्या तपासायचो. साहेबांचा नियम कडक. पुस्तकातला अर्थ चालणार नाही, माणूस बोलताना कानांनी ऐकला पाहिजे. ऐकला की पत्त्याएवढ्या चिठ्ठीवर वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, तेही लिहायचं. अशा तीन चिठ्ठ्या, तीन वेगळ्या घरांतल्या माणसांच्या, जमल्या तरच तो अर्थ कोशात जाणार. दोनवर भागत नाही. आणि विचारून काढलेली चिठ्ठी बाद, कारण विचारलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो. आपण गप्प राहायचं, कान उघडे ठेवायचे आणि वाट बघायची.

असल्या कामाला भिंगरीच लागते, हे मी मनातल्या मनात कबूल करतो. बाई सगळीकडे असायच्या. बसच्या रांगेत, दवाखान्यात, लोकांच्या जिन्यांत. एकदा एका जोडप्याचं भांडण ऐकत त्या तीन चौक मागे मागे गेल्या आणि परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद की जणू त्यांचंच भांडण मिटलं.

सात वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना ‘सेट’ हा शब्द दिला. दोन अक्षरं. मला वाटलं, महिन्याभरात उरकेल. पण त्या शब्दाला काही सुमार आहे? कपबश्यांचा सेट असतो, दागिन्यांचा असतो, कवळीचा असतो. नाटकाचा सेट लागतो आणि मोडतो. टीव्हीचा सेट बिघडतो. केस सेट करतात, घड्याळ सेट करतात, परीक्षेचा पेपर सेट करतात. सिमेंट सेट होतं, मोडलेलं हाड सेट होतं आणि मुलगा परगावी नोकरीला लागून दोन खोल्या घेतो तेव्हा तोही सेट होतो. ‘सगळं सेट आहे, फक्त सही राहिलीय’ असं कचेरीतला माणूस आवाज खाली करून म्हणतो तेव्हा तो वेगळाच सेट. त्याचं तिच्याशी सेट असतं, ते आणखी निराळं. व्यायामशाळेत बारा उठाबशांचा एक सेट. बाई रोज एक नवीन अर्थ तोंडात धरून जिना चढायच्या आणि साहेब कपाळाला हात लावायचे. आम्ही सगळे हसायचो की जगातल्या सगळ्यांत अस्थिर बाईला साहेबांनी नेमका हाच शब्द दिला. बाईसुद्धा हसायच्या, पण फेरी चालू ठेवून.

या नोंदीत चौतीस अर्थ झाले. त्यातला एकोणतिसावा त्यांच्या घरचा होता.

बाईंचे मिस्टर फरश्या बसवायचे. गुडघ्यावर बसून काम करणारा, कमी बोलणारा, मोठ्या पंजांचा माणूस. फरशी बसवून झाली की खोलीच्या दारात आडवी फळी टाकायचा आणि घरमालकाला सांगायचा, पाय देऊ नका, सेट होऊ दे. कामावरची ही बोली त्यानं घरात आणली. बाईंचं बहिणीशी बिनसलं आणि त्या दिवसातून चार वेळा तिला फोन लावायला निघाल्या की तो म्हणायचा, "आता हात लावू नकोस. सेट होऊ दे." लेक परीक्षेत आपटली, खोलीचं दार लावून बसली, बाई दारावर थापा मारायला लागल्या तेव्हाही तेच. म्हणजे राग असेल, दुःख असेल, भांडण असेल, ते ओलं असताना त्यावर पाय द्यायचा नाही. त्याच्या दुखण्याचं निदान झालं तेव्हा बाई एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नुसत्या धावत सुटल्या होत्या, तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "बस जरा. सेट होऊ दे." ही गोष्ट मला बाईंनीच सांगितली, फेऱ्या मारता मारता.

त्या अर्थाची पहिली चिठ्ठी त्याचीच. दुसरी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पॉलिशवाल्याची, वेगळं घर, चोख. लेकही तसंच बोलायची, पण ती घरचीच, म्हणून धरता येत नव्हती. तिसरीसाठी बाई जीव टाकत होत्या. नवरा गेला, आणि काही आठवड्यांनी तिसरी चिठ्ठी कप्प्यात आली. मी म्हटलं, चला, जमलं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आता या वर्षी ‘स’चं प्रकरण छापायला निघालं आणि एका सोमवारी मी सेटच्या नोंदीतली सगळी उदाहरणं मूळ चिठ्ठ्यांशी ताडून बघायला बसलो. अठ्ठावीस अर्थ बिनचूक गेले. एकोणतिसाव्याची तिसरी चिठ्ठी काढली. बसमध्ये दोन बायका, एक दुसरीला म्हणते: ‘रडू नकोस म्हणत नाही मी. सेट होऊ दे.’ खाली तारीख, सकाळी साडेदहा.

ती तारीख माझ्या धाकटीच्या वाढदिवसाची. त्या वर्षी तिचा वाढदिवस मी बुडवला होता आणि ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती, म्हणून तो दिवस मी मेलो तरी विसरणार नाही. त्याच्या आदल्या दिवशी बाईंचे मिस्टर गेले होते. सकाळी नऊपासून आम्ही सगळे ऑफिसवाले त्यांच्या घरी होतो. साडेदहा वाजता बाई स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर अशा चालत होत्या आणि घर माणसांनी भरलं होतं. कुठली बस आणि कुठल्या दोन बायका!

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला आधी राग आला. इतका राग की मी पेन टेबलावर आपटलं. बावीस वर्षं या बाईनं मला एकेका शब्दावरून छळलं. ‘तो तसं नाही म्हणाला दादा, "की" नव्हता त्यात,’ म्हणून माझं वाक्य खोडून काढलं. आणि तिनं हे करावं?

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना जिन्याच्या वळणावर गाठलं. चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही, लांबूनच ओळखली.

"कळलं तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"तारखेवरून. बाई, खोटीच लिहायची होती तर महिन्याभरापूर्वीची तारीख टाकायची. मी जन्मात पकडलं नसतं!"

"तारीख खोटी कशी टाकणार दादा?" त्या म्हणाल्या. अगदी मनापासून. "ज्या दिवशी सुचलं त्याच दिवसाची टाकली."

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना. चिठ्ठी खोटी, माणसं खोटी, बस खोटी, आणि तारीख मात्र नियमाप्रमाणे. असली चूक आमच्या धंद्यातला माणूसच करू जाणे.

मी आवाज खाली आणला. "हे बघा, मी काही पाहिलं नाही. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही येणार नाही. शनिवारी शेवटचं प्रूफ येईल, आपण दोघं ते वाचू, विषय संपला."

बाई दोन पायऱ्या उतरल्या, दोन चढल्या. "ही चिठ्ठी खोटी आहे म्हणजे तो अर्थ खोटा आहे का?"

"नियमानं आहे. दोनच साक्षी आहेत."

"हे असं बोलायचे, दादा. वीस वर्षं बोलायचे." त्या पुन्हा एक पायरी उतरल्या. "त्यांचं दुसरं काही कुठे लिहिलेलं नाही. बसवलेल्या फरश्यांवर कोणी नाव घालत नाही. कोशात हा एक अर्थ राहिला असता. मला तो राहायला हवाय." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "शनिवारपर्यंत वेळ द्या. मी खरी आणते."

"पाच दिवसांत? सात वर्षांत आली नाही ती?"

"सात वर्षं मी चौतीस अर्थांच्या मागे होते. आता एकाच्याच."

त्या पाच दिवसांत मी जेवढा चाललो तेवढा गेल्या दहा वर्षांत चाललो नसेन. मी का गेलो त्यांच्याबरोबर, ते मला विचारू नका. गुडघे बोलत होते, बायको बोलत होती, पण एकटीला सोडवेना. मंगळवारी सकाळी ऑफिसच्या आधी आम्ही केस कापायच्या दुकानात. बाई केस धुवायला बसल्या, म्हणजे अर्ध्या बसल्या, एक पाय जमिनीवर टेकलेलाच. शेजारच्या खुर्चीतली बाई आपल्या जावेबद्दल तावातावानं बोलत होती. बाईंचे कान टवकारले. कापणारी म्हणाली, "तुम्ही हलू नका हो, सेट होऊ दे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. केसांचं होतं ते, अर्थ सातवा.

संध्याकाळी नव्या इमारतीचं काम चाललं होतं तिथे. फरशीवाले नेमके जेवणावरून आपसात भांडत होते. एकाचा डबा दुसऱ्यानं संपवला होता. भांडण चांगलं रंगलं. मुकादम मध्ये पडला. मीसुद्धा दोन पावलं पुढे सरकलो. मुकादम ओरडला, "अरे, मागे व्हा! पाय कुठे देताय, ते सेट होतंय!" सगळे ओल्या फरशीवरून उड्या मारत बाजूला झाले. अर्थ पाचवा. बाई तिथल्या विटांच्या ढिगाभोवती तीन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "इतकं जवळ आलं होतं."

मी म्हणालो, "तुम्ही जरा त्यांना बोलतं का करत नाही? नुसतं म्हणा, आता भांडू नका, पुढे काय करायचं? कोणीतरी बोलेल."

"म्हणजे विचारलंच की."

"हो, पण थोडंसंच."

"दादा!" त्या माझ्यावर खेकसल्या. एक खोटी चिठ्ठी लिहिलेल्या बाईनं मला नियम शिकवावा, ही गंमत माझ्या लक्षात आली होती, पण बोलायची हिंमत झाली नाही.

बुधवारी आम्ही नाटकाच्या तालमीच्या हॉलबाहेर, व्यायामशाळेच्या खिडकीखाली, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उभे होतो. सेट सेट सेट. लोक त्या शब्दाशिवाय श्वास घेत नाहीत असं वाटायला लागलं. एका पोरीनं मैत्रिणीला सांगितलं, "आईचा मूड सेट कर आधी, मग विषय काढ." हा नवाच अर्थ. एरवी बाई नाचल्या असत्या. त्यांनी तो सवयीनं टिपला, तारीख टाकली आणि वही मिटली. त्यांची झोप उडालेली दिसत होती. ऑफिसात फेऱ्या वाढल्या; साहेबांनी आतून दोनदा विचारलं, "बाहेर काय परेड चाललीय?"

गुरुवारी दवाखाना. हाडांच्या विभागाबाहेरचा लांबलचक बाक. आम्ही पेशंटांच्या नातेवाइकांसारखे बसलो, म्हणजे मी बसलो. समोर दोन बहिणी. म्हातारा बाप पडला होता, आत त्याच्या पायाला प्लास्टर चाललं होतं आणि बाहेर या दोघींचं जुंपलं होतं. तू कधी येत नाहीस, तू कधी बोलवत नाहीस, आईच्या वेळी तू कुठे होतीस. धाकटी रडायला लागली. मोठीचं तोंड थांबेना. मग त्यांची आत्या असावी, जाडजूड, हातात पाण्याची बाटली, ती उठली आणि दोघींच्या मध्ये बसली. धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. मोठीला म्हणाली, "पुरे. आत्ता काही बोलू नकोस. ओलं आहे सगळं. राहू दे तसंच, हात लावू नकोस." आणि गप्प झाली. दोघी पण गप्प झाल्या.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पेन्सिल कागदावर टेकलेली. आम्ही वाट बघितली. आत्यानं बाटलीचं झाकण उघडलं, धाकटीला पाणी दिलं. पुढे काही बोलली नाही.

"अर्थ आला, दादा," बाई बाहेर फुटपाथवर म्हणाल्या. "सगळाच्या सगळा आला. शब्द तेवढा नाही आला." आणि त्या भर रस्त्यात रडल्या. मी त्यांची पर्स धरून उभा राहिलो.

घरी जाताना मला त्या खोट्या चिठ्ठीतलं वाक्य आठवलं. ‘रडू नकोस म्हणत नाही मी.’ नवरा गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी काय बोललो होतो? रडू नका. सावरा. बसा. खाऊन घ्या. लेकीकडे बघा. मी स्वतः म्हणालो होतो, "बाई, आता कामात मन गुंतवा." घरभर माणसं होती आणि प्रत्येकानं त्या ओल्यावर पाय दिला होता. ज्यानं फळी टाकली असती तो तेवढा नव्हता. माझी मलाच लाज वाटली, जिना चढताना.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी जे केलं ते केलं. चिठ्ठी घेतली, माझ्या अक्षरात लिहिलं: ‘कशाला त्याच्या मागे लागतोस रे, राहू दे, सेट होऊ दे.’ बोलणारी: माझी बायको. स्थळ: घर. तारीख आदल्या दिवसाची, वेळ रात्रीच्या जेवणाची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, आणि हे खोटं एका दमात लिहून मोकळा झालो. बाईंच्या वहीवर ठेवली आणि म्हणालो, "घ्या. देवासारखी आली. विचारलंबिचारलं काही नाही."

बाईंनी उभ्या उभ्या वाचली. पुन्हा वाचली. आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"दादा, वहिनी तुम्हाला ‘रे’ कधीपासून म्हणायला लागल्या?"

मी पाचावर धारण बसल्यासारखा उभा. माझी बायको मला आयुष्यात ‘अहो’ सोडून दुसरं काही म्हणालेली नाही. रागावली तर तेही म्हणत नाही. वाक्य जरा गोड व्हावं म्हणून मी तो ‘रे’ घातला होता. प्रूफ वाचणाऱ्यानं लिहायला जाऊ नये ते यासाठीच.

"तुम्हाला काय जातंय?" मी चिडलो. "तीन चिठ्ठ्या होतात! माझी ना नाही, साहेबांना पत्ता नाही, कोणाचं घर बुडत नाही!"

"तुमचं नाव लागलं असतं त्यावर." त्यांनी माझी चिठ्ठी आपल्या खोट्या चिठ्ठीशेजारी ठेवली. मग कपाटाभोवती चालायला लागल्या, आणि मी मोजलं, अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीला त्या थांबून म्हणाल्या, "सहा वर्षं मी तो कप्पा उघडायचं टाळते. हे बोलायचे ते तीनच शब्द मला ऐकू यायचे दादा, अगदी आवाजासकट. ही चिठ्ठी ठेवल्यापासून त्याच्या शेजारी त्या बसमधल्या बाईचा आवाज येतो. मीच बनवलेल्या. त्यांचं खरं वाक्य मी माझ्या खोट्या वाक्याशेजारी ठेवलंय."

आमच्याकडे चिठ्ठी फाडत नाहीत. चुकलेली, संशयाची, ऐकताना गफलत झालेली, सगळी एका खालच्या कप्प्यात जाते, पाठीवर कारण लिहून आणि सही करून. बाईंनी माझी चिठ्ठी पालथी केली आणि माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं, ‘ऐकलेली नाही.’ सही केली. मग त्यांनी स्वतःची पालथी केली. पेन्सिल ठेवून शाईचं पेन घेतलं. मी वरून वाचत होतो. त्यांनी लिहिलं:

‘ऐकलेली नाही. ऐकायची होती.’

त्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन बाई स्वतः साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. साहेबांनी चष्मा वर करून पाठीवरची कारणं वाचली. मग विचारलं, "बाकीच्या?"

"बाकीच्या खऱ्या आहेत. पण तुम्ही तपासून घ्या."

"घ्यायला लागतील," साहेब म्हणाले. "सगळ्या. बावीस वर्षांच्या. सोमवारपासून." आवाज कठोर होता, पण सही करताना त्यांनी दौत सांडली. बाई "हो" म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी नोंदीचं हस्तलिखित उघडलं, एकोणतिसाव्या अर्थावर तांबडी रेघ मारली आणि पुढचे आकडे एकेक करून सुधारले. तीसचा एकोणतीस, एकतीसचा तीस. मी बघत होतो आणि मला पुन्हा राग आला. कोणावर ते विचारू नका. नियमावर, पॉलिशवाल्यावर, त्या आत्यावर, जिला एक शब्द जास्त बोलायला काय झालं होतं.

शनिवारी शेवटचं प्रूफ आलं. शेवटचं प्रूफ आमच्याकडे दोघांनी वाचायचं असतं. एकानं हस्तलिखितावरून मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं सगळं तोंडानं म्हणत; दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट ठेवून बघत जायचं. एक अर्थ संपला की बघणाऱ्यानं ‘बरोबर, पुढे’ म्हणायचं, म्हणजे पुढचा सुरू. जरा काही वेगळं आलं की ‘थांबा’. बावीस वर्षांत मी बाईंना एकेका टिंबासाठी किती वेळा थांबवलं असेल, त्याची गणती नाही.

बाई वाचायला लागल्या, अर्थात चालत. खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. कपबश्या झाल्या, दागिने झाले, सिमेंट, हाड, परगावचा मुलगा. मी बोट सरकवत होतो. अठ्ठावीस झाला.

"बरोबर. पुढे."

"एकोणतीस," बाई म्हणाल्या. माझं बोट एकोणतीसवर होतं. ड्रम सेट. वाजवायच्या ढोलांचा संच.

"सेट होऊ देणे, अपूर्णविराम," बाई वाचत होत्या, "कंस सुरू, दुःख, स्वल्पविराम, राग, स्वल्पविराम, भांडण, कंस पूर्ण, हात न लावता निवू देणे, पूर्णविराम." हस्तलिखित त्यांच्या हातात होतं, पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. "एकेरी अवतरण सुरू, बस जरा, पूर्णविराम, सेट होऊ दे, पूर्णविराम, एकेरी अवतरण पूर्ण." मग पॉलिशवाल्याचं वाक्य. तेही चिन्हांसकट, एकही न चुकता. बसमधल्या बाईचं त्यांनी वाचलं नाही. दोनच वाचली. चपलांचा आवाज तेवढा चालू होता.

कागदावर त्यातलं एक अक्षरही नव्हतं. तीस वर्षांची सवय, ‘थांबा’ ओठांवर आलेलं. माझं बोट ड्रम सेटवर होतं. मी ते तिथेच ठेवलं.

"बरोबर," मी म्हणालो. "पुढे."